हेक्टरने गाडी हलकी केली

हेक्टर मॅकफेलला सत्तर वर्षं पूर्ण झाली, त्या सकाळी इश्बेलने त्याच्या ताटात दोन सॉसेज जास्तीचे वाढले आणि सरकारने त्याची व्हॅन काढून घेतली. म्हणजे व्हॅन दारातच उभी होती आणि किल्लीही त्याच्याच खिशात होती. पण साडेतीन टनांवरची गाडी सत्तरीनंतर चालवायची तर डॉक्टरची तपासणी लागते, आणि हेक्टरची व्हॅन चार टनांची होती. तपासणीत डॉक्टर छाती बघतो, रक्तदाब बघतो आणि शेवटी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतो.

छातीची हेक्टरला फिकीर नव्हती. सगळा जन्म त्याने थडग्यांचे दगड कोरण्यात घालवला होता. स्कॉटलंडमधल्या क्रीफच्या दफनभूमीत निम्मं गाव त्याच्या हातच्या अक्षरांखाली झोपलेलं होतं. भीती होती ती भिंतीवरच्या अक्षरांची. गेलं दीड वर्ष तो ज्या वस्तूकडे नेमकं बघेल तीच वस्तू मधोमध पुसली जायची. कडेचं सगळं स्वच्छ, मधलं गायब. ही गोष्ट त्याने बायकोला सांगितली नव्हती. खरं तर स्वतःलाही अर्धवटच सांगितली होती.

"मग जा ना डॉक्टरकडे," इश्बेल म्हणाली. "अर्ध्या तासाचं तर काम."

"त्या पोराकडे? त्याच्या आजोबाचा दगड मी कोरलाय. तो मला तपासणार?"

"आजोबांनी तक्रार केली नाही ना? मग नातवाला कशाला घाबरतोस?"

हेक्टरने सॉसेजमध्ये काटा खुपसला आणि विषय संपला असं जाहीर केलं. त्या घरात विषय असेच संपत. संपलेले विषय मग इश्बेल भांडी घासताना पुन्हा काढत असे.

एरवी हेक्टरने व्हॅन विकूनही टाकली असती. पण मागच्या शेडमध्ये एक दगड उभा होता. राखाडी ग्रॅनाइटचा, खांद्याला गोलाई दिलेला, आणि त्यावर त्याच्या धाकट्या भावाचं, लॅक्लनचं नाव होतं. लॅक्लन बेटावर राहायचा, जिथे दोघं जन्मले. ऑक्टोबरात तो गेला. दोघा भावांमध्ये अकरा वर्षं बोलणं नव्हतं, आणि त्याचं कारणही दगडच. आई गेली तेव्हा हेक्टरने सांगितलं, तिचा दगड मीच कोरणार, घाई करू नका. कुणी घाई केली नाही. दोन वर्षं आईच्या डोक्याशी लाकडी फळी उभी राहिली, कारण हेक्टरला एकही नमुना पसंत पडेना. शेवटी लॅक्लनने कंटाळून ग्लासगोहून तयार दगड आणवला. काळा, चकचकीत, सोनेरी अक्षरांचा.

"आईच्या डोक्याशी हॉटेलचा फलक लावलास," हेक्टर भर दफनभूमीत म्हणाला होता.

"निदान तिथं कोण आहे ते कळतं तरी," लॅक्लन म्हणाला होता. त्यांचं शेवटचं बोलणं तेच.

लॅक्लनच्या दफनाला हेक्टर गेला नाही. वाऱ्यामुळे बोट बंद होती, हे खरं होतं. दुसऱ्या दिवशी ती सुरू झाली आणि बेटावरच्या लोकांनी त्याच्यासाठी दफन एक दिवस पुढे ढकललं होतं, हेही खरं होतं. तेव्हापासून त्याने सगळा हिवाळा त्या एका दगडावर घातला. अक्षरं दिसत नव्हती तेव्हा बोटांनी चाचपून कोरली. आता थडग्यावरची जमीन बसली होती, मे महिन्यातल्या एका शनिवारची बोट ठरली होती, आणि हा दगड आपण स्वतः, आपल्या गाडीतून, आपल्या हाताने नेऊन बसवायचा, एवढी एकच गोष्ट हेक्टरला आयुष्यात करायची उरली होती. मालवाहू कंपनीचं नाव काढलं की तो असा बघायचा, की इश्बेलने दोनदा काढून सोडून दिलं.

तोड काढली ती गॅरेजवाल्या टॅमने.

"गाडी हलकी करून घे की," टॅम म्हणाला.

"कापून?"

"काही कापायचं नाही. अर्ज करायचा. गाडी चार टनांची आहे असं कोण म्हणतं? दारातली पाटी म्हणते, मालासकट चार टन. पाटी बदलायची. उद्यापासून ती म्हणेल साडेतीन. मग साधं लायसन्स चालतं, डॉक्टर नाही नि काही नाही."

"आणि हे कायद्यानं?"

"अगदी कायद्यानं. निम्मे म्हातारे हेच करतात. फक्त एक आहे, गाडीचं स्वतःचं वजन काही कमी होत नाही. तिनं किती उचलायचं ते कमी होतं. म्हणून आधी रिकामी गाडी एकदा काट्यावर घालून बघ."

शेवटचं वाक्य हेक्टरने ऐकलं, पण घेतलं नाही. दगडाकडे नुसतं बघून त्याचं वजन सांगणाऱ्या माणसाने काट्यावर जायचं म्हणजे आचाऱ्याने मीठ मोजून घालण्यातलं झालं. त्याने गाडीच्या जुन्या पुस्तकात बघितलं, रिकाम्या गाडीचा आकडा शोधला, त्यात दगड मिळवला, स्वतःला मिळवलं, बायकोला अंदाजाने मिळवलं, आणि तरीही दोनशे किलो शिल्लक राहिले. तीन आठवड्यांत नवी पाटी आली. टॅमने ती दाराच्या आत रिव्हेट मारून बसवली.

"झाली हलकी," हेक्टर घरी येऊन म्हणाला.

इश्बेल बाहेर येऊन गाडीभोवती एक फेरी मारून आली. "दिसते तर तेवढीच."

"दिसायला तेवढीच असते. उचलायला कमी."

"म्हणजे तुझ्यासारखीच."

निघायच्या आदल्या दिवशी हेक्टरने फर्मान काढलं: माणशी एक पिशवी. शिल्लक भरपूर होती, पण कायदा पाळतोय तर तो कडक पाळला पाहिजे असं त्याला वाटत होतं. ज्याने एक बाजू झाकलेली असते, तो दुसऱ्या बाजूला असाच शिस्तीचा होतो. इश्बेलने एक पिशवी दाखवली, त्याने एक पिशवी दाखवली, आणि दोघांनी एकमेकांकडे मोठ्या विश्वासाने बघितलं.

शनिवारी सकाळी ते निघाले. रस्ता तळ्याकाठाने जातो, मग डोंगरात शिरतो. इश्बेल एरवी गाडीत विणत बसायची. त्या दिवशी विणकाम मांडीवर होतं आणि नजर रस्त्यावर.

"समोर सायकलवाला आहे."

"दिसतोय."

"लाल जाकीटवाला."

"रंग कशाला सांगतेस? मी काय त्याला विकत घेणार आहे?"

"मेंढी आहे, हेक्टर. डावीकडे. दोन आहेत. आता एक मध्ये आली."

"इश्बेल, मी या रस्त्यानं आपल्या लग्नाआधीपासून गाडी चालवतोय."

"मेंढी नवीन आहे," इश्बेल म्हणाली. हेक्टरने ब्रेक दाबला. मेंढीने सावकाश रस्ता ओलांडला आणि पलीकडे जाऊन मागे वळून बघितलं.

टिंड्रम गावाच्या अलीकडे, जिथे रस्त्याकडेला गाड्या थांबायची रुंद जागा आहे आणि चहाची एक टपरी आहे, तिथे पिवळं जाकीट घातलेल्या एका तरुण बाईने हात केला. अर्थात हात इश्बेलला दिसला. "थांब. तपासणी आहे," ती म्हणाली, आणि हेक्टर थांबला.

बाईचं नाव गिलेस्पी. वाहनतपासणी खात्याची. ती इतकी नम्र होती की हेक्टरला तिच्यावर रागावायला जागाच सापडेना. तिने दारातली पाटी वाचली, गाडीचा मागचा भाग कसा दबलाय ते वाकून बघितलं, आणि विचारलं, "आत काय आहे, मिस्टर मॅकफेल?"

"माझा भाऊ," हेक्टर म्हणाला.

गिलेस्पीचा चेहरा उतरला. इश्बेलने घाईघाईने दुरुस्ती केली. "त्याचा दगड हो. थडग्यावरचा. भाऊ आधीच तिकडं आहे."

चाकांखाली दोन चपटे पाट सरकवले गेले. पुढची चाकं, मग मागची चाकं. गिलेस्पीने आकडा बघितला, मग पुन्हा एकदा बघितला, आणि अंत्यविधीला वापरतात तसल्या आवाजात म्हणाली, "एकशे नव्वद किलो जास्त भरतंय."

"तुमचा काटा चुकतोय."

"या आठवड्यात तपासून आणलाय."

"माझा हिशेब आहे. रिकामी गाडी—"

"ही क्रेन मागाहून बसवली का?" गिलेस्पीने आत डोकावून विचारलं. "आणि हे लोखंडी खण? जमिनीला ओकच्या फळ्या ठोकल्यात तुम्ही?"

हेक्टरने फळ्यांकडे बघितलं. क्रेन त्यानेच बसवली होती. खणही त्याचेच. फळ्या तर त्याने फार अभिमानाने ठोकल्या होत्या. गाडीच्या पुस्तकातला आकडा ती नवरीसारखी कारखान्यातून आली तेव्हाचा होता. संसारात तिचं वजन वाढलं, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"असं सोडता नाही येणार मला," गिलेस्पी म्हणाली. "एवढं वजन इथंच उतरवा, मग जा. बोट कितीची आहे?"

"दुपारची," इश्बेल म्हणाली. "चला, काढू या काय काय निघतंय ते."

आणि मग त्या दोघांचा एकमेकांवरचा विश्वास एकेक करून गवतावर उतरू लागला. आधी सिमेंटच्या दोन गोण्या निघाल्या. त्या उघडपणे घेतलेल्या होत्या. मग लोखंडी खणाच्या मागे हेक्टरचा हात एका गोणपाटाला लागला.

"हे काय?"

"बटाटे."

"बेटावर बटाटे? तिथं दुसरं पिकतं काय?"

"पेगीचा नवरा गेलाय, हेक्टर. यंदा तिच्याकडं कुणी लावलेत बटाटे?" पेगी म्हणजे लॅक्लनची बायको. "आणि ते फडकं सांभाळून काढ, त्यात डंपलिंग आहे."

फडक्यात बांधून उकडलेलं ते मनुकांचं डंपलिंग लहान मुलाच्या डोक्याएवढं होतं. अशी तीन होती. हेक्टर तोंड उघडणार तेवढ्यात इश्बेलने सीटखालून काहीतरी ओढलं, आणि ओढता ओढता तिला दम लागला.

"ही पहार कुणाची?"

"माझी."

"आणि ही?"

"ती वेगळी आहे. तिचं टोक बघ."

"आणि ही तिसरी? एका दगडाला तीन पहारी? काय फोडून काढणार होतास त्याला?"

"माझ्या अवजारांचं मला कळतं."

"आणि माणशी एक पिशवी मला सांगत होता," इश्बेल गिलेस्पीला म्हणाली. गिलेस्पीने रस्त्याकडे बघितलं. नवरा-बायकोच्या मधे पडायला तिला पगार मिळत नव्हता.

घमेलं गेलं, स्टेपनी गेली, मागची पाण्याची टाकी रिकामी केली. टपरीवाल्या बाईने सगळं सामान आडोशाला ठेवून घ्यायचं कबूल केलं आणि डंपलिंगकडे जरा जास्त वेळ बघितलं. गाडी पुन्हा पाटांवर चढली.

"अजून नव्वद," गिलेस्पी म्हणाली.

आता गाडीत फक्त दगड आणि ते दोघं होते. तिघांनीही दगडाकडे बघितलं. आडवा ठेवलेला, चादरीत गुंडाळलेला, पट्ट्यांनी बांधलेला. त्याला उतरवायचं कुणी सुचवलं नाही.

"मी उतरते," इश्बेल म्हणाली. "मी येईन बसनं."

"तुमचं वजन किती?" गिलेस्पीने शक्य तेवढ्या हळू विचारलं.

इश्बेलने त्याहून हळू सांगितलं. अडुसष्ट. हेक्टरने आपल्या हिशेबात तिला साठ धरलं होतं.

"नाही पुरत," गिलेस्पी म्हणाली.

मग तिने हेक्टरकडे बघितलं, इश्बेलनेही बघितलं. हेक्टरचं वजन शहाण्णव होतं आणि ते सांगायची गरज नव्हती. वारा डोंगरावरून खाली येत होता. टपरीवर कुणीतरी किटली ठेवली.

"मी उतरलो तर गाडी चालवणार कोण?" हेक्टर म्हणाला. त्याच्या मते इथे सगळ्यांचा हिशेब संपत होता.

"मी," इश्बेल म्हणाली.

"तू? ही? तुझी ती डबीएवढी मोटार चालवतेस तेवढं पुरे आहे."

"लायसन्स बघू का?" गिलेस्पी म्हणाली. इश्बेलने पर्समधून काढून दिलं. गिलेस्पीने ते उलटसुलट करून बघितलं आणि मागच्या बाजूवर तिचं बोट थांबलं. "मिसेस मॅकफेल, परीक्षा कधी दिलीत तुम्ही?"

"लग्नाच्या आदल्या वर्षी."

"आणि वय?"

"पासष्ट."

गिलेस्पी जरा घुटमळली. सांगावं की न सांगावं असा विचार तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. पण नियम सांगायची सवय लागलेल्या माणसाला राहवत नाही. "म्हणजे तुम्हाला जुना नियम लागू आहे. साडेसात टनांपर्यंत चालवू शकता तुम्ही. सत्तर होईपर्यंत."

"मी?"

"तुम्ही. ही गाडी जुन्या पाटीवर असती ना, तरी चालवली असतीत. चार टन. म्हणजे दगड, सिमेंट, बटाटे, तुम्ही दोघं, सगळं मावलं असतं. मी थांबवलंच नसतं."

ज्याचा जन्म दगडात गेला त्याने आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यावा, आणि तोही अर्ज करून, फी भरून, पाटी ठोकून घेऊन, हे हेक्टरच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. नियम त्याला तोंडपाठ होता. त्याच्याही लायसन्सवर तोच नियम होता, सत्तर होईपर्यंत. त्याच वर्षांत परीक्षा दिलेल्या, रोज त्याच्यासमोर बसून लापशी खाणाऱ्या दुसऱ्या माणसालाही तो लागू असेल, हे मात्र त्याच्या डोक्याला कधी शिवलं नव्हतं.

"तू बोलली नाहीस," तो बायकोला म्हणाला.

"मला काय ठाऊक? तू म्हणालास, परवानगी गेली. मला वाटलं, घराचीच गेली."

"पाटी पुन्हा बदलता येईल का?" हेक्टरने गिलेस्पीला विचारलं.

"येईल की. पुन्हा अर्ज करायचा. पण आज शनिवार आहे."

इश्बेल उजव्या दाराशी गेली. हेक्टर आतच बसून होता. ती दार उघडून उभी राहिली. मग तो उतरला. तिने वर चढून सीट पुढे ओढली. इतकी वर्षं कुणी हलवली नव्हती, त्यामुळे ती आधी हलेचना, आणि मग एकदम कर्रकन पुढे आली.

"रिव्हर्स जरा अडकतो," हेक्टर म्हणाला.

"मी पुढं चाललेय."

"चढावर दुसरा गिअर. आणि पुलावर—"

"हेक्टर." तिने खाली वाकून त्याच्याकडे बघितलं. "बोटीच्या धक्क्याची, ओबानची बस येईल आता. बोर्ड बघून हात कर. ओळखता येईल ना?"

"मी काय आंधळा आहे?"

इश्बेलने दार ओढून घेतलं. काट्याने साडेतीन टनांच्या आत कौल दिला, गिलेस्पीने बाजूला होऊन वाट दिली, आणि व्हॅन सुरळीत रस्त्याला लागली. हेक्टर ऐकत होता. दुसरा, तिसरा, चौथा. एकदाही गिअर करकरला नाही. त्याला त्याचं बरं वाटलं नाही.

तो बसथांब्यावर उभा राहिला. उन्हाळा तोंडावर असल्यामुळे रस्त्यावर पर्यटकांच्या मोठमोठ्या गाड्यांची रीघ होती, आणि प्रत्येकीच्या कपाळावर काहीतरी लिहिलेलं होतं. तो कपाळाकडे बघायचा आणि कपाळ पुसलं जायचं. मान जरा तिरकी करून तो कडेने बघू लागला. कडेने दिसेपर्यंत गाडी निघून जायची. प्रत्येक गाडीला हात करावा तर लोक हसतील. त्याने ठरवलं, पुढची पांढरी गाडी असेल तर हात करायचा. एक निळी गाडी गेली. मग बराच वेळ नुसत्या मोटारी.

टपरीवाली चहाचा पेला घेऊन आली. "ओबानला जायचं म्हणाला होतात ना?"

"हो. बस आली नाही अजून."

"गेली की. निळी. तुमच्या नाकासमोरून गेली. मला वाटलं, बेत बदललात."

हेक्टरने चहा घेतला. तो फार गोड होता, आणि त्याने तो सगळा प्यायला.

पुढच्या बसने तो ओबानला पोचला तेव्हा धक्का रिकामा होता. बोट गेली होती. रविवारी तिथून बोट सुटत नाही. देवाचा वार म्हणून त्या दिवशी बेटावर कपडेसुद्धा वाळत घालत नाहीत. त्याने धक्क्यासमोरच्या एका घरात खोली घेतली आणि घरमालकिणीला पेगीचा नंबर लावायला सांगितलं. चष्मा विसरलो, असं कारण त्याने दिलं. चष्मा त्याच्या नाकावर होता. घरमालकीण भली बाई, तिने नंबर लावला.

"पोचलेय मी," इश्बेल म्हणाली. "गाडी छान चालते रे. तू उगीच तिला शिव्या देतोस."

"दगड?"

"दगड ठीक आहे. तू कुठं आहेस?"

"ओबानमध्ये. बस चुकली."

मग इश्बेल हळू बोलू लागली. "हेक्टर, इथं पोरं ट्रॅक्टर घेऊन उभी आहेत. खड्डा खणून ठेवलाय. सिमेंटही कालवलंय त्यांनी. उद्या रविवार, कुणी फावड्याला हात लावणार नाही. सोमवारपासून वादळ सांगितलंय, नि ते ओसरलं की यातले निम्मे मासेमारीला जाणार. उजेड आहे अजून. ते विचारतायत, आत्ता बसवू का."

हेक्टर घरमालकिणीच्या पॅसेजमध्ये उभा होता. भिंतीवर कुणाच्या तरी लग्नाचा फोटो होता. त्याला फक्त चौकट दिसत होती. एकदा दफन त्याच्यासाठी थांबलं होतं आणि तो गेला नव्हता. दुसऱ्यांदा थांबा म्हणायला तोंड उरलं नव्हतं.

"आईच्या दगडाच्या रेषेत ठेवा म्हणावं," तो म्हणाला. "तसूभरही पुढं नको. आणि कडेला पहार लावायची नाही, खाली लाकूड घ्यायचं. तोंड समुद्राकडं."

"सांगते."

"बसवा," हेक्टर म्हणाला आणि फोन ठेवला. मग तो खोलीत गेला, दार लावलं आणि रडला. भावासाठी तो रडत होता, हे तर होतंच. पण सगळा हिवाळा ज्या एका गोष्टीसाठी ढकलला ती आपल्यावाचून होतेय, आणि उत्तम होतेय, याचंही त्याला रडू येत होतं.

सोमवारी वारा सुटायच्या आत बोट परत आली. हेक्टर पिशवी घेऊन धक्क्यावर उभा होता. तोंड उघडून बोटीने आधी मेंढ्यांचा ट्रक बाहेर काढला, मग दोन मोटारी, मग एक मोठी राखाडी वस्तू. ती अगदी जवळ येऊन थांबली तेव्हा तिच्या इंजिनावरून त्याने ती ओळखली. तो सवयीने उजव्या दाराशी गेला आणि दार उघडलं. आत इश्बेल बसली होती.

"दुसऱ्या बाजूनं," ती म्हणाली.

तो गाडीला वळसा घालून आला. डाव्या बाजूने या गाडीत तो कधीच चढला नव्हता. पाय कुठे ठेवायचा ते त्याला सापडेना. बसल्यावर सीटवर लोकरीचा गुंडा होता, तो त्याने मांडीवर घेतला.

"गुरुवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडं जायचंय," इश्बेल म्हणाली. "निघायच्या आधी फोन करून वेळ घेतलीय."

"कुणाच्या डोळ्यांच्या?"

"दीड वर्ष तू माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडं बघतोस, हेक्टर. आधी मला वाटलं, मलाच ऐकू येत नाही असं समजून माझ्या कानात ओरडायचं असेल."

समोर धक्क्यावरची माणसं दोर आवळत होती. इश्बेलने गाडी पहिल्यात टाकली आणि गावाबाहेर काढली.

"शनिवारी परत बेटावर जाऊ," ती म्हणाली. "दोघांची तिकिटं काढलीत मी."

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "सरळ बसलाय?"

"सरळ बसलाय. आईच्या रेषेत. पेगीनं अक्षरांवरून हात फिरवला, मग तिच्या मागून सगळ्यांनीच फिरवला. त्या पोरांनी विचारलं, कुणी कोरलंय इतकं सुंदर. मी म्हटलं, त्याच्या मोठ्या भावानं."

"मग?"

"मग त्यांनी विचारलं, तो का नाही आला."

हेक्टरने लोकरीचा गुंडा हातात घट्ट धरला. "काय सांगितलंस?"

"खरं होतं तेच," इश्बेल रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "म्हटलं, निघाला होता. पण वजनात बसला नाही."